आमसूल, वय अडीच

पहाटे पाचला ती गोठ्याची कडी ओठांनी वाजवते.
हे मी तिला शिकवलेलं नाही.

माणगावच्या वीटभट्टीवरून आणली तेव्हा
वाळत घातलेल्या आमसुलासारखी काळीतांबडी,
बरगड्या लांबूनच मोजून घ्याव्यात अशी.
धोपाव्यात जो तो विचारायचा,
"बाय, ह्यो घोडा की गाढाव?"
मी म्हणायची, दोन्ही घरांनी नाकारलेलं पोर.

कलमं वर सड्यावर. रस्ता नाही.
डोक्यावरून पेट्या उतरवणारे गडी
कुणी ट्रॉलरवर गेले, कुणी लोट्याच्या कारखान्यात.
राखणीला टेकबहादूर होता,
त्याचा बाप खेचरांवरून मीठ वाहायचा.
पहिले आठ दिवस त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
शेजारी बसून विड्या ओढल्या, कांदा चिरला.
नवव्या दिवशी तीच आली, त्याच्या टोपीचा वास घेतला.
मग त्याने मानेवर हात ठेवला. कानाला नाही.
"कान मागू नका, ताई. ती देईल."

तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी,
उंबऱ्याशी पाय रोवणारी पोरं मला कळतात.
तरी लावलाच कानाला हात,
आणि डाव्या मांडीवर खुराएवढं जांभळं
पंधरा दिवस वागवलं.

सकाळी भिजवलेले कुळीथ, पेंढा, मिठाचा खडा.
मग खूर: एकेक उचलायचा, गुडघ्यांत धरायचा,
बोथट कोयत्याच्या टोकाने लाल माती उकरायची,
नाक जवळ न्यायचं,
कुजका वास आला तर करंजेल.
चौथा पाय ती नेहमी उशिरा देते.
तेवढ्यात माझी कंबर दोनदा सरळ होते.

पाठीवर आधी नुसतं गोणपाट.
मग गोणपाटात दोन नारळ,
ते एकमेकांवर आपटले की थबकून
माझ्याकडे बघायची, मीच आपटल्यासारखी.
मग चार. मग रिकामी पेटी.
भरलेली इतक्यात नाही, हाडं कोवळी आहेत.
जाताना टेकबहादूरने हे तीनदा सांगितलं.

जेठात तो गावी गेला, शब्द इथेच ठेवून.
"चल" म्हटलं तर ती हलत नाही,
"हिंड" म्हटलं की निघते.
"थांब" कळत नाही, "पर्ख" कळतं.
म्हणून साठीला टेकलेली मी
वशिष्ठीच्या काठाने
न येणाऱ्या भाषेतले दोन शब्द ओरडत जाते,
आणि जाळी निवडणाऱ्या बायका हसतात.

नालबंद येतो तो पलीकडे, दाभोळात.
फेरीबोटीची लोखंडी फळी पोकळ वाजते.
ती एक खूर टेकवून बघते.
टक्. मागे.
अंगणात मी जुन्या पत्र्याचं दार आडवं टाकलं,
वर पेंढा पसरला, रोज मूठभर कमी.
आता पत्र्यावर उभी राहून निवांत खाते.
पण जेटीवर तिला माहीत आहे, खाली पाणी आहे.
नाही म्हणून कसं सांगू?

तीन फेऱ्या सुटल्या आमच्यासमोरून.
बोटीवरचा मुश्ताक म्हणाला, "मागून एक फटका द्या, बस."
मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.
पहिले सहा दिवस हा दारातच बसला होता,
डबा उराशी धरून.
तो दोर गुंडाळायला लागला.

बुधवारी पुढचे दोन पाय फळीवर.
तेवढ्यात भोंगा वाजला,
आणि आम्ही दोघी थेट पिंपळापर्यंत.

रात्री पनवेलहून वनश्रीचा फोन:
आई, विकून टाक ते जनावर, गुडघे बघ तुझे,
यंदा कलमं कराराने दे, मी माणूस बघते, उद्याच...
"पर्ख," मी म्हणाले.
"काय?"

गोठ्यात पेंढा चघळायचा आवाज
थांबला होता.