काउंटर क्रमांक दोन

बाहेर उणे अठ्ठावीस.
हवा इतकी कोरडी की मांजराला हात लावला तरी ठिणगी.
म्हणून लोकरीचा स्वेटर उतरवलाय, मोजेही,
आणि अडुसष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघरात,
सुती झग्यात अनवाणी उभी राहून
मी आधी रेडिएटरला शिवते,
मग याला.

हा म्हणजे शब्दकोशाएवढा काळा डबा.
पोस्टाच्या काउंटर क्रमांक दोनखाली
नऊ वर्षं माझ्या गुडघ्याला लागून घुमत होता.
पेल्लोचं पोस्ट बंद झालं, हा लिलावात निघाला.
पंधरा युरो. दुसरं कुणी हात वर केला नाही.
पाठीवरचं स्टिकर अजून शाबूत : हलवू नये.

चार स्क्रू. झाकण. पंखा.
पंख्यात धूळ, धुळीत एक तांबूस केस.
ओयवाच्या हिल्लाचा असणार,
काउंटरपाशी तीच लोळायची.
पंख्याखालची पेस्ट वाळून खडू झालेली.
कॉफीच्या फिल्टरवर स्पिरिट घेऊन
पुसत राहिले, धातूत माझं नाक दिसेपर्यंत.

दांडी दाबून सरकवली, आणि जुना प्रोसेसर उचलला.
मोठ्या स्मारक-तिकिटाएवढा.
कडेनं धरायचं, पोटाला बोट लावायचं नाही
हे मला कुणी शिकवायला नको.

फार मंद होता बिचारा.
पार्सलचा फॉर्म उघडायला चाळीस सेकंद.
आणि आमच्याकडची माणसं कशी,
जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली
तर तो जाईपर्यंत दाराआड थांबणारी.
ती आधी छताकडे बघायची,
मग घड्याळाकडे,
मग दुसरं काही उरलंच नाही म्हणून माझ्याकडे.
आणि बोलायची.
ओयवा म्हणाला, भाऊ नदीपलीकडे, स्वीडनच्या काठावर,
बोटीच्या इंजिनावरून अकरा वर्षं अबोला.
साइमी म्हणाली, या पाकिटात काय आहे ते मला माहीत आहे,
तरी तू सही घे.
फॉर्म उघडला की गप्प.
वाक्य अर्धं, तसंच, काउंटरवर.

नवा आलाय लाइप्त्सिगहून, तोही वापरलेलाच.
किराणा दुकानातल्या कपाटातून कोड दाबून आणला,
नाव कुणी विचारलं नाही.
आत मात्र हातानं लिहिलेली चिठ्ठी :
त्रिकोण त्रिकोणावर. घाई नको. यॉर्न.

त्रिकोण त्रिकोणावर.
दांडी खाली येताना कर्र वाजते,
वाजतेच म्हणे, तरी जीव घशाशी.
पेस्ट मसुराएवढी. मग स्क्रू
तिरके, आलटून पालटून, थोडे थोडे,
भांडलेल्या दोन घरांना आमंत्रण द्यावं तसे :
एकालाच फार आग्रह नको.

बटण दाबलं.
काळं.
पंखा फिरतोय, पडदा काळाच.
दहा. वीस. छताकडे बघितलं.
घड्याळाकडे.
एकतिसाव्या सेकंदाला मी मांजराला सांगत होते
की निरोपाच्या केकला मी आले नाही
ते आजारी होते म्हणून नव्हे,
मी मागच्या खोलीत होते, दिवा बंद करून, आणि
एवढ्यात पडदा उजळला.

मी गप्प.

चार कोअर. सगळे हजर.
तारीख तेवढी विसरलाय :
एक जानेवारी, दोन हजार बारा.
त्या दिवशी सुट्टी होती. दोन तारखेला रांग दारापर्यंत.
वर्ष दुरुस्त केलं. महिना.
तासाशी आल्यावर विचारतोय, कुठला,
नदीच्या अलीकडचा की पलीकडचा?
पलीकडे एक तास कमी वाजलेत.

आता काहीही उघडतं, बोट उचलायच्या आत.
छान आहे. खरंच छान आहे.

जुना प्रोसेसर तिकिटांच्या पारदर्शक पाकिटात ठेवला.
केस आधी फेकणार होते.
तोही ठेवला.