उतार

नकाशा मीच काढला. गणपती पेठेपासून
विश्रामबागपर्यंत एक हिरवी रेघ,
रस्त्याच्या डोक्यावरून, अठरा फुटांवर.
खाली ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, वडाप;
वर फक्त सायकली आणि वारा.
खरं सांगतो, रेघ ओढताना
शाळेतली माझी ॲटलास आठवली,
हात जरा हलका झाला.

ही उंची कुठून आणली, साहेबांनी विचारलं.
म्हटलं, पेठेतल्या भिंतीवरून.
तिथं पुराची खूण आहे, ऑइलपेंटची, तारखेसकट.
तिच्यावर चार फूट धरले.
कृष्णा पुन्हा पेठेत आली तर
निदान दूध, औषधं, एखादी अवघडलेली बाई
(सायकलवर? साहेब हसले)
कोरड्या पायांनी पलीकडे पोचेल.

मग टेप घेऊन गेलो बाबालाल मुजावरांकडे.
दुकान म्हणजे पिंपळाखाली एक पेटी,
पाण्याची परात, पंप.
खांब बरोबर परातीत येत होता.
ते ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.
वर न बघता म्हणाले,
"वर पंक्चर झालं तर?"

ढकलत न्यायची.
"कुठवर?"
पुढच्या उतारापर्यंत. एक किलोमीटर.
"आणि यार्डातली आक्काताई?
हळदीचं पोतं लादून चढंल तुमचा चढ?
चढली. मधीच कुणी खालनं हाक मारली,
अगं आक्के, पोरगं पडलंय शाळंत,
तर काय वरनंच ओ देणार?"

बुडबुडा सापडला. खडूनं त्याला गोल केला.
"सायकल म्हंजे काय हो,
वाटंल तिथं पाय टेकायचा."

रात्री रबर घेऊन बसलो.
आणखी तीन उतार काढले.
एकानं रसवंती खाल्ली, एकानं वळण,
तिसरा थेट दवाखान्याच्या दारात.
चौथा काढायला गेलो
तर रेघ रेघच राहिना,
नुसता कंगवा झाला.

तसाच कंगवा दिला पाठवून.
फाईल वर गेली आहे. वरच आहे.
मी खालूनच जातो कामाला,
ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून चाक चुकवत.

ऑगस्टात पाणी घाटाच्या वर आलं,
पेठेतली माणसं भिंतीकडे बघू लागली.
बाबालालनी पेटी दोरानं वर ओढून
पिंपळाच्या बेचक्यात बांधली होती.
एवढ्या उंच कशाला, मी विचारलं.

"खुणेवर चार फूट," म्हणाले,
"कागदावर तुम्हीच लिवलंय की."