होडीखाली

चार वर्षं चर्चच्या पोरांना मी प्रार्थना शिकवली.
त्यातली शेवटची दोन, खरं सांगायचं तर,
कुलूप लावलेल्या घराची कडी वाजवावी तशी.

जुलैत, मिनेसोटाच्या पार उत्तरेला,
दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर
सोरेनने होडी डोक्यावर घेतली. वय पंधरा.
जानेवारीत बर्फावर मासे धरायला गेलेला त्याचा बाप
परतला नव्हता.
"मीच नेणार," एवढंच म्हणाला.

उलट्या होडीखाली दिसतात आपलेच बूट,
चिखल, एखादं मूळ.
डास मात्र सगळे आत येतात.
मी मागे, दोन पिशव्या घेऊन.
होडीच्या पोटातून त्याचा आवाज घुमून येत होता,
कुणा थोराड माणसाचा वाटावा असा:
दोनशे चार. दोनशे पाच.
मध्येच एक शिवी. मध्येच, हळू, "डॅड".
मग दोनशे सहा.

मला वचनं पाठ आहेत. एकही आठवलं नाही.

पाचशे एकोणनव्वदला पाणी लागलं.
त्याने होडी उतरवली. खांद्यांवर लाल वळ.
पलीकडच्या काठाला लून पक्षी ओरडला
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमेन."

"कसलं आमेन?" सोरेन म्हणाला.
मला सांगता येईना.
म्हटलं, वल्हं दे इकडे,
ऊन उतरतंय.