तिसरा खंड

सात खंड ओळीने उभे. लांबूनच कळतं
कुठला किती वेळा खाली उतरलाय.
पहिल्याच्या कण्यावर पांढऱ्या रेघा,
दुसरा त्यातल्या त्यात बरा,
तिसऱ्याला कणाच नाही.

सन्मती म्हणतो, ही पुस्तकांची आबाळ आहे.
त्याचे सातही प्लॅस्टिकमध्ये.
तो पुस्तक उघडतो ते दार किलकिलं केल्यासारखं,
आत कुणी कपडे बदलत असावं तसं,
आणि शिवणीत गेलेले शब्द
अंदाजाने वाचतो.
राजारामपुरीतल्या त्याच्या खोलीत
पाण्याचा तांब्यासुद्धा कपाटापासून चार हात लांब.

मी भडंग खात वाचते.
मिठाच्या किल्ल्याला वेढा पडतो त्या पानावर
तेलाचा डाग आहे, शेंगदाण्याएवढा.
उजेडात धरला की पाठीमागची अक्षरं दिसतात:
वेढा उठायच्या आधीच
उठल्याची बातमी.

दहावीच्या सुट्टीत एकदा,
बारावीला गणितात उडाले तेव्हा दोनदा,
मग उद्यमनगरात, फौंड्रीच्या ऑफिसात,
डबा खाताना, कार्बनने निळ्या झालेल्या बोटांनी.
त्या वर्षी माझ्याशी नीट बोलणारी
एकच बाई होती,
तिसऱ्या खंडातली आंधळी नावाडीण.
नदी कुठं खोल आहे ते ती वल्ह्याला विचारायची.
मी कुणाला विचारणार? पान दुमडायचे.

कणा सुटला तेव्हा बाइंडरने हात वर केले.
'नवीन घ्या की ताई, स्वस्तात पडेल.'
मग गेले पापाच्या तिकटीला, यल्लाप्पाकडं.
त्यानं पुस्तक चपलेसारखं उलटं केलं,
अंगठ्यानं दाबून बघितलं, वास घेतला.
'लई चाललंय की हे,' म्हणाला,
'कुठवर?'
मी म्हटलं, किल्ल्यापर्यंत.
त्याला पन्हाळा वाटला असणार.
वादीचे सात टाके घातले, वरून तेल चोळलं,
पैसे घेतले नाहीत.
'पुढच्या टायमाला चप्पल घे.'

आता ते उघडताना करकरतं.
नव्या चपला घालून कुणी जिना चढतंय वाटून
आई आतून विचारते, कोण आलं गं?

सन्मतीनं ते टाके बघितले.
वाटलं, आता भाषण.
पण त्याचं बोट ओळीवरून सरकत
पाचव्यावर थांबलं.
'हा कसा एवढा कोरा?'

त्यात ती बुडते, म्हटलं.
एकदाच वाचलाय.
तुझ्यासारखा,
किलकिला करून.

त्यानं बोट काढून घेतलं.
खिडकीकडं बघत राहिला जरा वेळ.
मग तुझे सातही असे कोरे का रे,
मी विचारणार होते,
तेवढ्यात आईनं भडंगाची ताटली आणली
आणि त्यानं, हात न पुसता,
तिसरा खंड मांडीवर घेतला.