तुमच्या शोधाशी जुळणारं

खंडेलवालच्या पोराने उकिडवं बसून फोटो काढले,
आमची बैठक लग्नाचा हॉल झाली.
सुदामा नगर, दुसरा मजला, पूर्वाभिमुख.
ओल आलेल्या भिंतीपुढे त्याने कपाट सरकवलं.

सतरा दिवस कुणाचा फोन नाही.
अठराव्या रात्री राऊकडे लहानशी जागा शोधत होतो,
तर मोबाइलने आमचंच घर पुढे केलं:
बजेटच्या जरा बाहेर, पण बघून घ्या.

शैलजाला चष्मा सापडेना. तशीच वाकून म्हणाली,
गॅलरी छान आहे हो.
नर्मदेचं पाणी रोज येतं का, विचारा.
आणि एवढं चांगलं घर
विकतायत कशाला?

मी 'संपर्क करा' दाबलं.
बैठकीत, सरकवलेल्या कपाटावर,
जुना फोन वाजू लागला.