खुणा फुकट

थाकच्या अंगणात पाटी टांगलेली:
अक्षराला चाळीस हजार डोंग, खुणा फुकट.
तो बसतो तो दगड जुना आहे,
त्यावर चौकोनी चिनी अक्षरं, उभ्या ओळीत.
कुणाचं नाव ते, त्यालाही वाचता येत नाही.

दुपारी लुआन आला, ब्येन होआहून,
दोन रात्री बसमध्ये काढून.
खिशात प्लास्टिकमध्ये जपलेलं आईचं रेशनकार्ड.
टाइपरायटर परदेशी होता,
खुणा मागाहून हातानं द्यायच्या असत.
त्या दिवशी कारकुनाला भूक लागली असावी.
म, अ, न.
काना नाही, मात्रा नाही,
तीन अनवाणी अक्षरं.

थाकने कानामागची पेन्सिल काढली.
'खूण कोणती?'
'दोन वर्षांचा होतो मी,' लुआन म्हणाला,
'मी तिला आईच म्हणायचो.'

मग थाक मातीत बोटानं काढत गेला:
वर चंद्रकोर, खाली ठिपका, की झालं खारट.
नुसती घसरती रेघ दिली, की मच्छरदाणी.
टोपी आणि ठिपका, तर आलुबुखार.
टोपी आणि वर लाट, तर चलाख.
'मच्छरदाणी कुणी मुलीचं नाव ठेवत नाही.
खारटही नाही.
म्हणजे टोपी नक्की.'
आणि त्याने कोरूनच टाकली ती,
भातात वाकलेल्या बाईच्या टोपीसारखी.

राहिली लाट किंवा ठिपका.
पडता सूर, की जड सूर.

कालव्यापलीकडे न्हाय आजी राहते,
लग्न होऊन न्घे आनहून इथे आलेली.
तिला बोलावलं. 'तू तिला हाक कशी मारायचीस?'
तिने तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली.
बदकं उठली, मागच्या अंगणातला करवतीचा आवाज थांबला.
थाक डोळे मिटून ऐकत होता.
'पुन्हा.'
तिने पुन्हा मारली.
'काही उपयोग नाही,' तो म्हणाला,
'तुमच्या गावाकडे पडता आणि जड
एकाच सुरात बोलतात.'

'मग?' म्हातारी चिडली.
'पडलेलं माणूस कधी उचलून पाहिलंयस?
जडच लागतं.
मी उचललं होतं तिला, बांधावरून घरापर्यंत.
एवढीशी बाई, पण हात भरून आले.'

बराच वेळ कुणी बोललं नाही.
लुआनने छिन्नी मागितली.
थाकने अक्षराखाली पेन्सिलीनं जागा दाखवली,
'एकच घाव. हलका.'

तो हलका बसला नाही.
ठिपका अक्षरांपेक्षा खोल गेला,
जरा डावीकडे.
थाक घासून सारखा करायला निघाला,
लुआनने दगडावर हात ठेवला.

पैसे मोजले. तीन अक्षरांचे.
थाकने पावती फाडली, घाईत, बॉलपेननं:
म, अ, न.
नुसतंच.