डावा खांदा

मेहेरनोश म्हणाला, चेहरा जमलाय. गालावरचा व्रणही.
पण शर्ट?
"हा शर्ट कोणी घातलेलाच नाही, उल्का.
तू रंग भरलायस. कापड कुठंय?"

मालाडच्या काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर
एसीत गारठून तीन दिवस मी कापड शोधत होते.
विकतची टेक्श्चर्स असतात: चाळीस प्रकारचं लिनन,
डेनिम, गोणपाट, गंजका पत्रा, ओल आलेली भिंत.
सगळी सभ्य, कडा जुळवलेली.
एकाही धाग्यानं कधी वरणाचा थेंब पाहिलेला नाही.

मंगळदास मार्केटात गेले. दुकानदारानं थान उलगडलं,
मुठीत कापड चुरगळून सोडलं, "बघा ताई, सुरकुती पडणार नाही."
मला सुरकुतीच हवी होती.
हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

शेवटी चारकोपला, घरीच, पलंगाच्या पेटीत
डांबरगोळ्यांच्या वासाखाली सापडला
बाबांचा खाकी शर्ट.
बेस्टमध्ये कंडक्टर, एकतीस वर्षं.
बिल्ला परत केलेला, बिल्ल्याची भोकं राहिलेली.
खिशाच्या तोंडाशी पेन्सिलीचं काळं,
कॉलर उसवून, उलटून पुन्हा शिवलेली
आणि डाव्या खांद्यावर
चामड्याच्या पट्ट्यानं रोज थोडी थोडी खाल्लेली
दोन बोटं रुंद फिकट वाट.
तिथं रंग नव्हताच. नुसते उभे-आडवे धागे,
एकमेकांना धरून.

विचारलं नाही. स्कॅनरवर पसरला.
काचेखालून उजेड सरकत गेला तेव्हा वाटलं,
तपासनीस चढलाय
आणि एकेक धागा तिकीट दाखवतोय.

मग बसले.
खाली सैनिकाचा रंग, वर बाबांचं कापड,
थर मल्टिप्लायवर, साठ टक्के.
छातीवर ताणला, कोपरात गोळा केला,
घडीच्या पोटात सावली ओतली,
वीण बाहीबरोबर वळवली
(वळवली नाही तर कापडाचा कागद होतो,
हे शिकायला मला दोन वर्षं लागली).
बर्फाच्या डोंगरात उभा तो निळ्या डोळ्यांचा पोरगा
हळूहळू घामेजू लागला.

अर्धा झाला. रात्रीचे दोन.
डाव्या खांद्याची नक्कल काढली, आरशात फिरवली,
उजवीकडे चिकटवली.
कोण बघतंय.

बाबा बघत होते.
पाणी प्यायला उठलेले, हातात तांब्या, डोळ्यांना चष्मा नाही.
शर्ट ओळखला की नाही, कळेना.
मग म्हणाले, "कुठल्या डेपोचा हा?"
मी हसले. ते नाही हसले.
स्क्रीनजवळ वाकले. एका खांद्यावर बोट ठेवलं,
मग दुसऱ्या.
"याला दोन बॅगा होत्या?"

पंखा तेवढा बोलत राहिला.

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि उभं राहून दाखवलं:
पट्टा इकडून, बॅग उजव्या मांडीवर,
दुपारपर्यंत चिल्लर भरली की हा खांदा असा खाली,
उजवा हात वर, दांड्याला,
म्हणून काख आधी विरते, इथं. बघ.
मी बघितलं.
इतकी वर्षं वाटायचं, बाबा फोटोत
मुद्दाम तिरके उभे राहतात.

उजवा खांदा पुसला. कोराच ठेवला.
उजव्या काखेत मात्र विरवलं,
डावा किंचित खाली ओढला, पाठही त्याच्यामागे गेली,
आणि चित्र पहिल्यांदाच
माझं ऐकेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मेहेरनोशनं ते दोनशे टक्क्यांवर पाहिलं,
खूप वेळ.
"हा आता कुठून तरी आलाय," एवढंच म्हणाला.
कुठून, ते मी सांगितलं नाही.
पण पाठीचा भाग अजून स्कॅन करायचा होता.

संध्याकाळी घरी आले, तर खुर्चीवर शर्ट नव्हता.
बाबांनी तो खालच्या इस्त्रीवाल्याला दिला होता.
"केवढ्या सुरकुत्या पडल्या होत्या गं," म्हणाले.